मोघम आणि संदिग्ध: भाड्याच्या ॲग्रीमेंटमध्ये कुठला शब्द ठेवायचा?

प्रश्न: 'मोघम' आणि 'संदिग्ध' एकच का? लीव्ह अँड लायसन्सच्या मराठी मसुद्यात 'वाजवी झीज वगळून', 'किरकोळ दुरुस्ती', 'मालक सोयीनुसार पाहणी करील' अशी वाक्यं आहेत. सगळी काढायची का?

उत्तर: एकच नाहीत. संदिग्ध म्हणजे दोन अर्थ निघतात आणि कुठला धरायचा ते कळत नाही. मोघम म्हणजे अर्थ एकच, पण तपशील दिलेला नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २९ खाली दोन्हींचे दाखले आहेत. 'शंभर टन तेल' विकायचा करार मोघम, कारण कसलं तेल ते सांगितलेलं नाही. म्हणून तो रद्दबातल. पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी असेल तर तोच करार टिकतो. संदर्भ उणीव भरून काढतो. 'माझा पांढरा घोडा पाचशे किंवा हजार रुपयांना' हा संदिग्ध, आणि दोनपैकी कुठली किंमत ते ठरवायला त्यात काहीच नाही. म्हणून तोही रद्दबातल.

आता तुमचा मसुदा. 'वाजवी झीज' मोघम आहे आणि तशीच ठेवा. रंग उडणं, फरशी घासली जाणं, बिजागरी सैल होणं या सगळ्याची यादी होत नाही. केलीत तर यादीत नसलेल्या डागावरून भांडण ठरलेलं. त्याऐवजी ताबा देताना प्रत्येक खोलीचे फोटो काढा आणि वीजमीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या.

'किरकोळ' मात्र बदला, कारण इथे पैसा आहे. 'एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचा खर्च' असा आकडा घाला. 'सोयीनुसार' तर सरळ संदिग्ध: कोणाच्या सोयीनुसार? '२४ तास आधी कळवून, सकाळी १० ते संध्याकाळी ६' असं लिहा, आणि पाणीगळती किंवा आगीसारख्या तातडीला सूट ठेवा. ती सूट मोघमच बरी.

पुरवणी: 'नळ, बल्ब, कड्या इत्यादी' लिहून सुटलो असं समजू नका. 'इत्यादी'चा अर्थ सहसा आधीच्या वस्तूंच्या जातीपुरताच लावतात. भिंतीची ओल त्यात बसणार नाही.

'एक महिन्याची नोटीस' यातही गोम आहे. महिना म्हणजे ३० दिवस की पुढच्या महिन्याची तीच तारीख? आणि मोजायचा कधीपासून, पाठवल्यापासून की मिळाल्यापासून? '११ महिने' एवढंच नको, दोन्ही तारखा हव्यात: १ जून ते ३० एप्रिल. डिपॉझिट 'घर सोडल्यावर' नव्हे, 'किल्ल्या परत देताना, त्याच वेळी'.

प्रश्नकर्ता: असं केलं: 'भाडेकरूने मालकाला कळवून त्याच्या खर्चाने १,००० रुपयांपर्यंतची दुरुस्ती करावी.' 'गुळमुळीत' आणि 'ढोबळ' यांत कुठे बसतात?

उत्तर: 'ढोबळ' आकड्यांना आणि अंदाजांना लागतो, त्यात दोष नाही. 'गुळमुळीत' बोलण्याला लागतो. बोलणाऱ्याला स्पष्ट सांगता येतं, पण सांगायचं नसतं. मालक डिपॉझिटबद्दल 'बघू, देऊ' म्हणतो ते गुळमुळीत.

तुमच्या वाक्यातला 'त्याच्या' काढा. मालकाचा खर्च की भाडेकरूचा, दोन्ही वाचता येतं. 'आपल्या खर्चाने' केलंत तर व्याकरणाने तो कर्त्याकडे, म्हणजे भाडेकरूकडे जातो, पण करारात सर्वनामावर विसंबू नये. 'भाडेकरूच्या खर्चाने' लिहा. नाम दोनदा आलं तर येऊ द्या.