बॉक्समधून फुस्स आवाज येतो, हवा नक्की कुठून जाते?

दापोलीकर

नमस्कार मंडळी. गेल्या मे महिन्यात घरीच स्पीकरचे दोन बंद बॉक्स केले. ८ इंची वूफर (खालच्या आवाजाचा स्पीकर), वर छोटा ट्विटर (वरच्या आवाजाचा). प्लाय १८ मिमीचा, साधा कमर्शियल. बाहेरचं माप ४० बाय २६ बाय ३० सेंमी. आतली हवा साडेएकवीस लिटर भरते; मॅग्नेट आणि रिपा वजा केल्या तर वीस. वूफरच्या कागदावर एफएस (वूफरची स्वतःची कंपनसंख्या) ३५ हर्ट्झ, व्हीएएस (त्याच्या लवचिकतेशी जुळणारी हवा) ४० लिटर, क्यूटीएस (त्याचं कंपन किती आवरलेलं आहे तो आकडा) ०.४ असं दिलंय. त्या हिशेबाने क्यूटीसी (तोच आकडा, बॉक्समध्ये बसवल्यावर) ०.६९ येतो, म्हणजे माप बरोबर आहे.

वडील पखवाज वाजवायचे. त्यांच्या भजनाच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात, त्या नीट ऐकता याव्यात म्हणून हा सगळा खटाटोप. मे महिन्यात धूम (पखवाजाच्या डाव्या बाजूचा खोल बोल) असा भरून यायचा की अंगावर काटा यायचा. पाऊस सरला आणि आता डाव्या बॉक्समधून प्रत्येक धुमाबरोबर फुस्स. खालचा आवाजही पातळ झालाय. सांध्यांवर बाहेरून लांबी (पुट्टी) भरून वर सनमायका लावलाय, आतून काही केलेलं नाही. सनमायका उखडून सगळे सांधे पुन्हा भरू का?

गुण्या

उखडू नका. मी चाळीस वर्षं सुतारकाम केलंय, त्यात भजनी मंडळांची आणि बँडवाल्यांची खोकी बरीच केली. फेविकॉल लावून नीट आवळलेला सांधा सहसा हवा सोडत नाही. हवा जाते ती आपण जिथे भोक पाडतो किंवा उघडायची सोय ठेवतो तिथून. वूफरची कड, टर्मिनलची (वायर जोडायची) प्लेट, वायरचं भोक आणि मागची पाठ.

तुमची पाठ स्क्रूवर आहे का? किती स्क्रू? कोपऱ्यांना चारच असतील तर माझा पहिला संशय तिच्यावर. सनमायका फक्त बाहेरून लावलाय, आतला प्लाय उघडा. कोकणातल्या पावसात उघडी बाजू दमट हवा पिते, सनमायकाची बाजू पीत नाही, मग फळी वाकणारच. एक जुनं पोस्टकार्ड घ्या आणि पाठीच्या कडेने फिरवा. कुठे आत शिरलं तर तिथे फट आहे.

पाठ काढाल तेव्हा आतून सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणारा पातळ लेप) दोन हात द्या, सगळ्या फळ्यांना. कडांना तर नक्कीच, पाणी कडेतूनच शिरतं. पाठ बसवताना रिपेवर फोमची पट्टी सलग चिकटवा, कोपऱ्यात तोडू नका, आणि दर १० सेंमीवर स्क्रू. आतले कोपरे भरायचे झाले तर लाकडाचा भुसा चाळून फेविकॉलमध्ये भज्याच्या पिठाइतका सैल कालवा. बॉक्स असा तिरका टेकवा की एकच कोपरा तळाला येईल, त्यात ते ओता आणि रात्रभर हलवू नका. दुसऱ्या दिवशी पुढचा कोपरा. घाई केलीत तर वाळताना भेग पडते.

ओहम

काकांशी सहमत. दोन गोष्टींची भर घालतो.

बंद बॉक्समध्ये आतली हवाच स्प्रिंगचं काम करते. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ हा स्पीकर आणला तो याच तत्त्वावर, म्हणून लहान खोक्यातून खोल आवाज निघाला. फट पडली की ती स्प्रिंग ढिली होते. तपासायला दोन्ही हातांची बोटं कोनवर (वूफरचा पुढचा हलणारा पडदा) समोरासमोर ठेवून सावकाश आत दाबा (तिरकं दाबलंत तर मागची तांब्याच्या तारेची कॉइल घासेल) आणि सोडा. बॉक्स घट्ट असेल तर कोन रेंगाळत परत येतो, गळका असेल तर लगेच. मग मोबाइलवरून ४० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा, पंखा बंद करा आणि पेटती उदबत्ती सगळ्या कडांवरून फिरवा. धूर जिथे थरथरेल ती जागा.

आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आत वापरू नका. वाळताना त्यातून आम्लाची वाफ निघते, ती तांब्याला खाते. न्यूट्रल क्युअरचं (वाळताना आम्ल न सोडणारं) मिळतं ते घ्या.

दापोलीकर

काका, पाठीला खरंच चारच स्क्रू होते! पोस्टकार्ड खालच्या बाजूने सरळ आत गेलं. आतून सीलर दिला, फोम लावला, चाराचे चौदा स्क्रू केले. पण कोन दाबला तर अजूनही भर्रकन परत यायचा.

मग शुक्रवारी रात्री उदबत्ती घेऊन बसलो. पाठ, टर्मिनल, वूफरची कड, सगळीकडे धूर सरळ वर. आणि पुढच्या फळीच्या वरच्या कडेला, जिथे सांधाच नाही, तिथे धूर थरथरायला लागला. तीनदा फिरवून पाहिली, दरवेळी तीच जागा. वूफर काढून कापलेल्या भोकावर बॅटरी मारली. प्लायच्या दोन थरांमध्ये एक पोकळी दिसली, गव्हाच्या काडीएवढी. खराट्याचा हीर घातला तर चार बोटं आत गेला, आणि पुढेही वाट होतीच. म्हणजे हवा फळीच्या पोटातून जाऊन कडेने बाहेर पडत होती. पावसाआधी ती कडेच्या रंगाने बुजलेली असणार, नंतर रंगाला चीर गेली.

भोकाची पूर्ण कड तुम्ही सांगितलेल्या लगद्याने भरली, बोटाने आत दाबत दाबत. बाहेरच्या चिरेतही भरला. दोन दिवस वाळू दिलं. आता कोन दाबून सोडला की सावकाश वर येतो.

काल रात्री वडिलांची कॅसेट लावली. डाव्या पुडीवर कणीक थापलेली असते ना, धूम पडल्यावर तिचा जो ओला घुमारा मागे राहतो तो पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आला. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसली.

गुण्या

फार बरं वाटलं वाचून. साध्या प्लायमध्ये अशा पोकळ्या निघतातच, पुढच्या वेळी बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय) घ्या आणि भोक पाडलं की लगेच कड भरून टाका. उजवा बॉक्स त्याच शीटमधून कापलाय का? तो अजून फुसफुसत नसला तरी वूफर काढून बघा. आणि स्क्रू थेट प्लायमध्ये असतील तर सारखे काढ-घाल करू नका, आटे जातात. वूफरला मागून टी-नट (फळीत ठोकून बसवायचा आट्यांचा लोखंडी नट) बसवा.