'वाजवी' निर्बंध म्हणजे नेमके केवढे?

नौपाडाकर: पेपरात ठाणे पोलिसांचा मनाई आदेश वाचत होतो. पाच किंवा अधिक जणांनी जमू नये वगैरे. मुलगा म्हणाला, "एकत्र जमायचा हक्क घटनेत आहे ना?" म्हटलं, "आहे, पण वाजवी निर्बंध घालता येतात." तर म्हणे, "वाजवी म्हणजे जांभळी नाक्यावरच्या भाजीच्या भावासारखं?" मला उत्तर सुचेना.

वाशीकर: चिरंजीव बरोबर बोलले! मूळ अरबी 'वाजिब', म्हणजे करणं भागच आहे असं. मराठीत येता येता त्याचा 'रास्त' झाला आणि भावाला चिकटला. कोर्टातही मोजमाप तेच: मालाच्या मानाने भाव, कारणाच्या मानाने बंधन. १९५० सालचा विडीचा खटला बघा. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातल्या काही गावांत विड्या वळायला बंदी घातली होती. हेतू ठीकच. पण ज्यांच्याच्याने शेतात काम होणारच नाही, त्या अपंगांचा आणि म्हाताऱ्या बायकांचाही रोजगार बुडाला. सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला.

गंमत म्हणजे भाषणस्वातंत्र्याच्या कलम १९(२) मध्ये 'वाजवी' हा शब्द आधी नव्हताच. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीत आला. त्याच दुरुस्तीने निर्बंधांची कारणंही वाढवली, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

कळवेकर: हिंदी घटनेत 'युक्तियुक्त' आहे. ऐकलं की कुणीतरी युक्ती लढवल्यासारखं वाटतं. आपला वाजवीच बरा.

घणसोलीकर: जाता जाता, जमावबंदी आणि संचारबंदी एक नव्हे. पहिलीत घोळका करायचा नाही, दुसरीत घराबाहेरच पडायचं नाही. चॅनेलवाले सर्रास घोळ घालतात. आणि '१४४ लागली' हेही आता जुनं झालं. जमावबंदीचं ते कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे.

वाशीकर: ठाण्याचे आदेश बहुधा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली निघतात. ३७(३) ची जमावबंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपुढे चालत नाही.

नौपाडाकर: मुलाला विडीचा खटला आणि १५ दिवसांचा नियम सांगितला. आता विचारतोय, "मग १५ दिवस झाले की पुन्हा नवा आदेश काढला तर?"

वाशीकर: वकील होणार हा. काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या खटल्यात, २०२० मध्ये, कोर्टाने १४४ बद्दल नेमकं हेच सांगितलंय: तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर. तेव्हा कात्रणं तारीखवार जपून ठेव म्हणावं.