फ्लोरिडात हलक्या रॉडवर लेडीफिश: गळ निसटतो, दोरी तुटते

प्रश्न: टँपा बे या खाडीत लेडीफिश हा मासा हवेत उसळून गळ झटकून टाकतो आणि कधीकधी दोरीही तुटते, यावर उपाय काय?

उत्तर १: त्याचे बारीक दात दोरी एका झटक्यात कापत नाहीत, घासून झिजवतात, म्हणून 10 पौंड ताण पेलणाऱ्या विणलेल्या दोरीपुढे 20 ते 25 पौंडांचा फ्लुओरोकार्बन लीडर (दोरी आणि गळ यांमधला घासणीला टिकणारा प्लास्टिक धाग्याचा तुकडा) बांधावा आणि प्रत्येक माशानंतर तो बोटांनी चाचपून खरखरीत झालेला भाग कापून टाकावा.

उत्तर २: हा टार्पन या उंच उसळ्या मारणाऱ्या मोठ्या माशाचाच नातलग असल्याने उसळणारच. त्या क्षणी रॉड उंच धरू नये. टोक पाण्याकडे झुकवावे, परंतु दोरी सैल पडू देऊ नये. रात्री धक्क्यावरील दिव्यांखाली, भरती-ओहोटीच्या वाहत्या पाण्यात तो हमखास असतो.

उत्तर ३: तीनतोंडी गळाऐवजी एकेरी गळ लावावा, ही माझी आग्रहाची विनंती. काटे अतोनात असल्याने हा मासा सहसा खात नाहीत, तेव्हा त्याला इजा न करता लगेच सोडता यायला हवे.