जोडीदाराची नोकरी अन्यायाने गेली तर: गोव्यातल्या घरांसाठी अनुभव धागा

वेर्णा-कुंडईचे कारखाने, किनाऱ्यावरची हॉटेलं, खाजगी शाळा, दवाखाने. ‘उद्यापासून येऊ नका’ हे ऐकून माणूस घरी येतो. त्याच्या बायकोने किंवा तिच्या नवऱ्याने पुढे काय करायचं, एवढ्यापुरताच हा धागा. आपली कहाणी नको, त्यातून जे हाती लागलं ते लिहा: कागद, मुदती, आकडे, कुठे फसतं. कंपनीचं नाव घालू नये.

फोंडा, कामगार संघटनेचं काम

बडतर्फीचं पत्र पुष्कळदा नसतंच. असतो तो कामगाराच्याच सहीचा राजीनामा. एचआरच्या केबिनमध्ये बसवून ‘रेकॉर्ड खराब होईल, त्यापेक्षा स्वतःहून सोड’ असं सांगून घेतलेला. तिथे सही करू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तासभर कोंडल्यावर माणूस करतो. मग त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही पाठवा: अमुक तारखेला, अमुक वाजता, या-या व्यक्तींसमोर दबावाखाली सही घेतली, राजीनामा मागे घेत आहे, कामावर हजर राहायला तयार आहे. प्रत श्रम आयुक्तांना, श्रमशक्ती भवन, पाटो, पणजी. हेच पत्र तीन आठवड्यांनी गेलं तर ते मागाहून सुचलेलं शहाणपण दिसतं. शिवाय तोवर हिशेबाचे पैसे खात्यात पडलेले असतात आणि कंपनी तेच दाखवते.

तोंडी काढलं असेल तर दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या वेळी गेटवर जायचं. वॉचमनने अडवलं की तिथूनच फोनवरून ईमेल: ‘हजर झालो, आत घेतलं नाही.’ हे दोन-तीन दिवस करा. नाहीतर पुढे कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं, की आम्ही काढलंच नाही, तोच यायचा बंद झाला.

घरच्या माणसाने एक काम पूर्णपणे आपल्याकडे घ्यावं: तारखांची वही. ज्याची नोकरी गेली त्याच्या डोक्यात अपमान घोळत असतो, मुदती राहत नाहीत.

पणजी, लेबर कोर्टातल्या कामाची माहिती असलेली

वहीत या मुदती लिहा. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू आहे. जुन्या कायद्यात लेबर ऑफिसमध्ये वाद न्यायला काढल्याच्या तारखेपासून तीन वर्षं मिळायची, आता दोन. जुने लेख वाचून निवांत बसणाऱ्यांचं इथे नुकसान होतं. लेबर ऑफिसमध्ये अर्ज दिला की दोन्ही पक्षांना बोलावून तडजोडीचा प्रयत्न होतो. तो 45 दिवसांत संपवायचा असतो. जमलं नाही तर अधिकारी तसा अहवाल देतो, आणि तो मिळाल्यापासून 90 दिवसांत न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. हे 90 दिवस सगळ्यात जास्त चुकतात, कारण अहवालाचं पाकीट घरात येतं आणि कुणी उघडत नाही.

अर्जात ‘न्याय मिळावा’ एवढंच लिहू नका. रुजू झाल्याची तारीख, हुद्दा, शेवटचा पगार, काढल्याची तारीख, चौकशी झाली की नाही, आणि मागणी: सेवेत परत, सलग सेवा (मधला काळही सेवेत धरावा), मागचा पगार (काढल्यापासूनच्या काळाचा).

‘तू कामगार नाहीस, सुपरवायझर आहेस’ हा नेहमीचा बचाव. सुपरवायझरचं काम आणि महिना 18,000 च्या वर पगार असेल तर तो कामगाराच्या व्याख्येबाहेर जातो. मात्र हुद्द्याचं नाव बघत नाहीत, प्रत्यक्ष काम बघतात. हॉटेलात ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणवणारा दिवसभर बिलंच करत असेल तर ड्युटी रोस्टर, लॉगबुकातल्या नोंदी, रजा कोण मंजूर करायचं याचे मेसेज उपयोगी पडतात. खरोखरच मॅनेजर असेल तर हा रस्ता बंद. दिवाणी कोर्टातून नोटिशीचा पगार आणि थकबाकी मिळू शकते, खाजगी नोकरी परत मिळणं जवळपास अशक्य. हे आधीच कळलेलं बरं, वकिलाच्या फीचे पैसे वाचतात.

फीवरून आठवलं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे औद्योगिक कामगाराला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

मागच्या पगारासाठी ‘या काळात दुसरीकडे कमावत नव्हतो’ हे शपथेवर सांगावं लागतं. 2013 च्या दीपाली सुरवसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कामगाराने तसं सांगितलं की उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. म्हणून नोकरीसाठी केलेल्या अर्जांच्या, नकारांच्या प्रती ठेवा. दुसरी नोकरी धरली तर दावा मरत नाही, तेवढी रक्कम कमी होते. पोटासाठी काम घ्यायला घाबरू नका.

म्हापसा

पुराव्याबद्दल. पगारपत्रकं, नेमणूकपत्र, फॉर्म 16, अप्रेझल एवढं आपलं. कंपनीच्या फाइली, ग्राहकांच्या याद्या स्वतःच्या ईमेलवर पाठवल्या तर नवा आरोप हातात देता. पगारपत्रकं नसतील तर बँकेचं स्टेटमेंट आणि 26एएस (आयकर खात्याकडची कापलेल्या कराची नोंद) चालतं. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट पुरेसे धरू नका: चॅट एक्सपोर्ट करा, मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ उपकरणावर अवलंबून असतं. आणि फेसबुकवर मालकाबद्दल लिहू नये, जोडीदाराने तर मुळीच नाही. रागात टाकलेली ती पोस्ट सुनावणीत समोर येते.

मडगाव, पगार-हिशेबाचं काम

काढलं किंवा सोडलं, तरी उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो (वेतन संहिता, कलम 17). मॅनेजरलाही लागू. ‘पुढच्या महिन्याच्या पेरोलमध्ये’ हे उत्तर चालत नाही.

ग्रॅच्युइटी: पाच वर्षं झालेली हवीत, मुदतीच्या करारावर असेल तर एक. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,200, सेवा 7 वर्षं 8 महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष, म्हणजे 8. 18,200 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 8 = 84,000. कामगार कपात म्हणून काढलं असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार हे ग्रॅच्युइटीशिवाय वेगळं. दोन्हींची सरमिसळ करून एकच आकडा दाखवतात, वेगवेगळा मागा. फुल अँड फायनलच्या (शेवटच्या हिशेबाच्या) कागदावर ‘हक्क राखून, निषेधासह’ लिहूनच सही. पैसे परस्पर खात्यात आले तर त्याच दिवशी तसा ईमेल.

पीएफमध्ये ‘एक्झिट डेट’ (नोकरी सोडल्याची तारीख) कंपनीने भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन (पीएफ खातेक्रमांकाच्या) पोर्टलवर आपण भरू शकतो. एकूण सेवा पाच वर्षांखाली आणि रक्कम 50,000 च्या वर असेल तर काढताना टीडीएस कापतात. घाई नसेल तर काढूच नका.

आपल्याकडची एक खास गोष्ट: गोव्यात नवरा-बायकोचं उत्पन्न आयकरात अर्धं-अर्धं वाटलं जातं, पण पगार त्यातून वगळलेला. नोकरी गेल्याबद्दलची भरपाईही पगारातच मोजतात, म्हणून ती निम्मी जोडीदाराच्या नावे दाखवू नका. त्या पैशांच्या ठेवीचं व्याज मात्र वाटलं जातं.

डिचोली, पतसंस्थेत

सोसायटीचं कर्ज पगारातून कापलं जात असेल तर हप्ता गुपचूप थांबतो आणि नोटीस जामीनदारांना जाते. जामीनदार बहुतेक त्याच कंपनीतले, म्हणजे उद्या साक्ष देऊ शकणारी माणसं. त्यांना दुखवू नका. आधी जाऊन लेखी सांगा, व्याजापुरता हप्ता मागा. बँकेच्या गृहकर्जात 90 दिवस थकलं की खातं एनपीए (बुडीत खात्यात) होतं, त्यामुळे पहिला हप्ता चुकायच्या आधी भेटा. घर गहाण टाकून पैसे उभे करायचे तर, आपल्या नागरी कायद्याप्रमाणे संपत्ती सामाईक असल्यास दोघांच्या सह्या लागतात. एकट्याने ठरवण्याची गोष्ट नाही.

चवथीचा खर्च आधी ठरवून घ्या. माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची सजावट) होते, पण कर्ज काढून पाहुणचार नको.

मडगाव, दवाखान्यात काम

कंपनीचा ग्रुप विमा साधारण शेवटच्या दिवशी संपतो. वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यायचा अर्ज त्याआधी द्या, प्रतीक्षाकाळाचं श्रेय टिकतं. ईएसआय (कामगार राज्य विमा) लगेच संपत नाही: एप्रिल ते सप्टेंबरात निदान 78 दिवसांची वर्गणी असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ चालतो, ऑक्टोबर ते मार्चची असेल तर जुलै ते डिसेंबर. बेकारीच्या काळात निम्मी रोजी देणारी ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ आहे, कमाल 90 दिवस. पण गैरवर्तनासाठी काढलं असेल तर नाही. बडतर्फीच्या पत्रातला शेरा इथे महागात पडतो, म्हणून त्याला लेखी हरकत घ्या. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा (गोवा सरकारचा आरोग्य विमा) कार्ड संपलं असेल तर नूतनीकरण करा: तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक जणांना चार लाख.

झोप दोन आठवडे गेली, दारू वाढली, ‘माझ्यामुळे घर बुडालं’ असं बोलणं सुरू झालं तर थांबू नका. टेली-मानस (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) 14416, किंवा बांबोळीचं मनोरुग्णालय.

पेडणे

शेजारी, सासर, देवळातली माणसं विचारणारच. दोघांनी एकच वाक्य ठरवा: ‘केस चालू आहे, वकिलाने बोलू नको म्हणून सांगितलंय.’ मुलांना मात्र खरं सांगा. आणि रोज संध्याकाळी ‘काही झालं का?’ विचारू नका. आठवड्यातून एक दिवस फायलीचा, बाकी दिवस ती बंद.

जोडीदार बोटीवर असेल तर वेगळं. मध्येच उतरवलं तर परत आणण्याचा खर्च मालकाचा, गंभीर कसूर सिद्ध झाल्याशिवाय तो वसूल करता येत नाही. करार, सीडीसीतली (खलाशाच्या नोंदवहीतली) नोंद आणि भरती एजंटचा परवाना क्रमांक यांचे फोटो घरी हवेत. आखातात असेल तर घरच्यांना इथूनच परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकता येते.