कुर्डुवाडी वाढली ती मुख्य मार्गामुळे की बार्शी लाईटमुळे?

प्रश्न
कुर्डुवाडीच्या भरभराटीचे सगळे श्रेय बार्शी लाईट रेल्वेला दिले जाते. परंतु ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुणे-सोलापूर मार्ग येथे 1859 मध्येच पोहोचला होता आणि बार्शीची छोटी गाडी 1897 मध्ये सुरू झाली. मधल्या काळात येथे काय होते? तालुक्याचे ठिकाण माढा असताना वस्ती नेमकी येथेच का वाढली?

पहिले उत्तर
स्थानकाचे जुने नाव ‘बार्शी रोड’ होते, यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. कापूस आणि धान्याची मोठी पेठ असलेली बार्शी मुख्य मार्गापासून सुमारे 35 किलोमीटर दूर राहिली आणि तिचा माल बैलगाड्यांनी या स्थानकावर येऊ लागला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने तेथवर अडीच फुटी मार्ग टाकला. डब्यांचे आणि इंजिनाचे वजन सर्व आसांवर सारखे वाटून प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, ही त्याची युक्ती होती. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येई. मात्र दोन्ही मार्गांची रुंदी वेगळी असल्याने प्रत्येक पोते येथे उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे. कंपनीच्या दृष्टीने हा खर्चच होता, पण गावाला रोजगार मिळाला तो त्यातूनच. माढ्यालाही स्थानक आहे. तेथे अशी चढ-उतार नव्हती, एवढाच काय तो फरक!

दुसरे उत्तर
वरील विवेचन मान्य आहे, पण त्यात पंढरपूर राहून गेले. छोटी गाडी येण्यापूर्वीही वारकरी याच स्थानकावर उतरून बैलगाडीने किंवा पायी पंढरीला जात, त्यामुळे 1897 पूर्वी येथे केवळ मालाचीच ये-जा होती असे समजू नये. 1906 मध्ये लाईटचा फाटा पंढरपूरला पोहोचल्यावर आषाढी-कार्तिकीची गर्दी येथे गाडी बदलू लागली. पुढे 1911 मध्ये लातूर आणि 1927 मध्ये मिरज जोडले गेले, आणि तीनशेहून अधिक किलोमीटरच्या या मार्गाच्या मध्यावर कुर्डुवाडी आली. माझ्या मते गाव खऱ्या अर्थाने स्थिरावले ते लाईटच्या येथील इंजिन-डबे दुरुस्तीच्या कारखान्यामुळे, कारण हमाली हंगामावर अवलंबून असते, तर फिटर आणि लोहार यांना बारमाही पगार असतो, आणि अशीच माणसे घर बांधून राहतात.

तिसरे उत्तर
कारखान्याचा मुद्दा पुढच्या काळातही खरा ठरतो. 1954 मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि या शतकात सर्व मार्ग रुंद झाल्यावर मालाची चढ-उतार थांबली, तरी रेल्वेचा कारखाना येथेच राहिला.