मदत हवी आहे: टाकी धुतल्यापासून पाणी पांढरं होतंय, मासे वर येऊन तोंड उघडतायत

नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज.

आमच्याकडे सासऱ्यांची माशांची टाकी आहे, 3 फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. 4 गोल्डफिश आहेत, त्यातला मोठा ओरांडा 6 वर्षांचा, माझ्या तळहाताएवढा. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून ते सध्या नणंदेकडे पुण्याला आहेत आणि मासे माझ्यावर सोपवून गेलेत. जाताना दोनच गोष्टी सांगितल्या, खाणं चिमूटभरच घालायचं आणि पंप बंद करायचा नाही. माझ्या मनात आलं की ते यायच्या आत टाकी लख्ख करून ठेवावी, डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर घरी आले की पहिल्यांदा तीच बघतील.

म्हणून गेल्या रविवारी मासे बादलीत काढले, सगळं पाणी उपसलं, खडी टबात घेऊन गरम पाण्याने चोळून चोळून धुतली, वरच्या फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून पिळला तर त्यातून चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी पाणी निघत होतं, ते पांढरं होईपर्यंत पिळत राहिले, त्यातल्या सिरॅमिक रिंगा पण ब्रशने घासल्या. साबण अजिबात वापरला नाही. मग नळाचं पाणी भरून अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले. दोन दिवस पाणी एकदम काचेसारखं होतं.

बुधवारी सकाळी बघते तर ताकाची निवळ ओतल्यासारखं! मागचा निळा कागद पण धड दिसेना. वाटलं खडीत काहीतरी घाण राहिली असेल, म्हणून परत सगळं पाणी बदललं, तर शुक्रवारी परत तेच आणि आधीपेक्षा दाट, काल तिसऱ्यांदा बदललं आणि आज पहाटे साडेपाचला उठले तर चारही मासे वर येऊन तोंड उघडतायत, बुडबुड्यांच्या दगडाजवळ घोळका करून. ओरांडा मधेच कोपऱ्यात जाऊन पंख मिटून बसतो आणि खाणं टाकलं तरी हलत नाही.

दुकानदाराने निळं औषध दिलंय, म्हणाला इन्फेक्शन असेल, 10 थेंब टाका. शेजारच्या काकू म्हणतात तुरटी फिरव, गावाकडे पाणी असंच निवळतात. दोन्ही अजून टाकलेलं नाही, हात धजत नाही. चौथ्यांदा पाणी बदलू का? बाबा रोज संध्याकाळी फोनवर विचारतात मासे कसे आहेत आणि मी बरे आहेत म्हणते, आता ते तोंडातून निघत नाहीये. पुढच्या रविवारी ते येतील. कुणाला माहीत असेल तर आजच सांगा.

प्रतिसाद 1

ताई, तुरटी नको आणि निळं औषध तर अजिबात नको. तुरटीने पाण्याचा पीएच घसरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं, मासे आधीच त्रासात आहेत. आणि ते निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू असणार, त्याने फिल्टरमधले उरलेसुरले चांगले जीवाणूही मरतात.

स्पंजमधून जे तपकिरी निघालं त्यातच ते जीवाणू होते. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो, तो माशांना विषारी असतो, हे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनने आणि गरम पाण्याने ते गेले. आता टाकीतल्या अन्नावर आणि विष्ठेवर दुसरेच जीवाणू पाण्यात तरंगत वाढतायत, तोच तुमचा पांढरेपणा. ते तासाभरात दुप्पट होतात, फिल्टरवाल्यांना दुप्पट व्हायला जवळजवळ दिवस लागतो, म्हणून दर वेळी पूर्ण पाणी बदललं की दोन दिवसांत परत पांढरं. हे तरंगणारे जीवाणू ऑक्सिजनही खातात, म्हणून मासे पहाटे वर येतायत.

तुमची टाकी साधारण दीडशे लिटरची, खडी वजा जाता 130-140 धरा. आज 2 मोठ्या बादल्या म्हणजे 35-40 लिटरच बदला, अँटी-क्लोरीन बादलीतच घाला, पाणी टाकीतल्याइतकंच कोमट-गार असू दे. हवेचा पंप पूर्ण चालू, शक्य असेल तर दुसरा दगड लावा. 2 दिवस खाणं बंद, एवढे मोठे गोल्डफिश आरामात राहतात, मन घट्ट करा. फिल्टरला हात लावू नका. आणि अमोनियाचं टेस्ट किट आणा, त्याशिवाय आपण अंदाजानेच बोलतोय.

प्रतिसाद 2

वरच्यांशी सहमत. कुणाकडे निरोगी, जुनी चालू टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज थोडा मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, आठवडे वाचतात. पण टाकीच्याच पाण्यात बुडवून आणा, वाळला की उपयोग नाही. आणि ज्यांचे मासे नुकतेच आजारी होते त्यांच्याकडून घेऊ नका.

धागाकर्ती, त्याच रात्री

खूप खूप आभार. किट आणलं, थेंब घातल्यावर नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं ते हिरवं झालं, रंगाच्या कार्डाशी लावून बघितलं तर अमोनिया 1 पीपीएमच्या (लिटरमागे 1 मिलिग्रॅम) आसपास. 2 बादल्या बदलल्या, दुसरा दगड लावला, नवऱ्याच्या मित्राकडे 3 वर्षांची गप्पींची टाकी आहे तिथून मूठभर स्पंज डब्यात पाण्यासकट आणला. पाणी अजून पांढरंच आहे पण मासे वर यायचे कमी झालेत. रोज किती बदलू?

प्रतिसाद 1

अमोनिया 0.25 च्या वर आहे तोवर रोज 2 बादल्या. पांढरेपणाकडे बघून बदलू नका, किटकडे बघून बदला. काही दिवसांनी नायट्राइट वाढेल, तेही तपासा, तेव्हाही हेच करायचं.

धागाकर्ती, शुक्रवार

अपडेट देते. मागचा निळा कागद दिसायला लागला, अगदी स्पष्ट नाही पण दिसतो. अमोनिया 0.5 वर आलाय, नायट्राइट थोडं दिसतंय म्हणून बादल्या चालू आहेत. ओरांडाने आज सोललेला मटार खाल्ला, पंख उघडे आहेत.

काल बाबांना फोनवर सगळं सांगून टाकलं. ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न, "स्पंज नळाखाली पिळलास का?" म्हटलं हो. म्हणाले ते टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच बुचकळायचं असतं, मी सांगायला हवं होतं. मग किटचे आकडे विचारून कागदावर लिहून घ्यायला लावले नणंदेला, आता रोज रात्री 9 वाजता आकडे कळवायचे आहेत. रविवारचे इथेही टाकते.