सोलापूरच्या उन्हाळ्यात सरकणाऱ्या खुंट्या

व्हायोलिनच्या खुंट्या, म्हणजे तारा ताणून धरणारे लाकडी खुंटे, उन्हाळ्यात सरकतात आणि सूर उतरतो. त्यावर खुंटीला खडू लावा, असं कुणी कुणी सुचवतं. नुसता खडू नको, त्यानं लाकूड झिजतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत खुंटी आकसते आणि पकड जाते, खरं कारण हे. तार थोडी उतरवा, मग खुंटी आत दाबत दाबत चढवा. तारेचे वेढे खुंटीच्या जाड टोकाकडे सरकत गेले पाहिजेत. तरीही सुटली तर पेग कंपाउंड, म्हणजे खुंट्यांना लावायची खास पेस्ट, लावा. चारही तारा एकदम मात्र काढू नका, आतला साउंड पोस्ट, म्हणजे पोटात नुसता दाबावर उभा असलेला लाकडी दांडा, पडू शकतो. व्हायोलिनवादक पं. डी. के. दातारांसारखी गायकी अंगाची, म्हणजे गळ्यातून गायल्यासारखी, लांब मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) साधायची, तर षड्ज हलून कसं चालेल? आणि वाजवून झाल्यावर गज ढिला कराच. कोरड्या हवेत गजाचे केस आखडून त्याची काडी वाकते.